खंडेनवमीचा सीडी प्लेअर

कल्याणीनं मला पसंत केलं ते माझ्या गाण्यावर. ही गोष्ट मी कोणालाही, कधीही, कोणी न विचारता सांगत आलो आहे. विमा कचेरीत असताना पॉलिसी काढायला आलेल्या माणसांना सांगितली, मुलाच्या लग्नात विहीणबाईंना सांगितली, आणि एकदा रक्त तपासायला गेलो असताना सुई टोचणाऱ्या मुलीलाही सांगितली. निपाणीला गणेशोत्सवात माझं गाणं होतं. पहिल्या रांगेत मारुतीराव, म्हणजे पुढं माझे सासरे झाले ते, आपल्या मुलीला घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी होकार आला. आता यात मी वेगळं काय सिद्ध करायचं?

पण पुरावाही आहे. मारुतीरावांना नव्या टेपरेकॉर्डरचं भारी वेड. तो मांडीवर घेऊन त्यांनी माझं सगळं गाणं टिपलं आणि लग्नात ती कॅसेट मला आहेर म्हणून दिली. श्रेयसनं, माझ्या मुलानं, मोठा झाल्यावर तिची सीडी करून दिली. अडचण एकच होती. ती सीडी मी नीट अशी कधी ऐकलेलीच नव्हती, कारण आम्ही बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, राहतो.

वडगावात राहणं म्हणजे काय हे बेळगावच्या टिळकवाडीतल्या लोकांना कळायचं नाही. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून माग आहेत. सकाळी चहाबरोबर खटाक-खट सुरू होतं ते रात्रपाळी धरून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत. आम्ही इथले लोक मुळात बोलतच मोठ्यानं, आणि टिळकवाडीत पाहुणे म्हणून गेलो की तिथल्या लोकांना वाटतं भांडायला आले. अशा ठिकाणी जुन्या छोट्या प्लेअरवर माझं गाणं लावलं की मी तोंड उघडतोय एवढं मला आठवणीनं कळायचं, बाकी सगळं मागाचं.

हे मी एकदा श्रेयसला फोनवर बोलून दाखवलं. तो बेंगळुरूला असतो. त्याच्या कंपनीतले कोणी मोठे साहेब परदेशी चालले होते आणि घरातलं सामान वाटून टाकत होते. त्यातला त्यांचा सीडी प्लेअर ह्यानं माझ्यासाठी उचलला. “बाबा, ही साधी वस्तू नाही,” तो म्हणाला. “हिच्यात जे टेपवर आहे ते सगळं ऐकू येतं. सगळं.” त्या दुसऱ्या ‘सगळं’वर त्यानं दिलेला जोर माझ्या तेव्हा लक्षात यायला हवा होता.

खोकं आलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. रिक्षावाल्यानं ते उचलायला घेतलं, परत ठेवलं आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. शेवटी तो, मी आणि शेजारचा ज्योतिबा अशा तिघांनी मिळून ते घरात आणलं. ज्योतिबाचे माग आमच्या उजव्या भिंतीला लागून आहेत. त्याची आई नागूआक्का आमच्या गल्लीतलं शेवटचं न्यायालय. ती मागून आलीच.

“एवढंसं डबडं आणि एवढं जड?” नागूआक्का म्हणाली. “आत दगूड घातलाय व्हय रं?”

ज्योतिबानं झाकणावर बोटानं टकटक करून कान लावला. कलिंगड बघतात तसं. “पिकलंय,” तो म्हणाला.

मला त्यांचं अज्ञान बघून कीव आली. मी सोबतचं माहितीपुस्तक काढलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. तळाला जाड पोलादी पत्रा, त्यावर तांब्याचा मुलामा, कारण बाहेरची कसलीही थरथर आत जाता कामा नये. तबकडी फिरवणारा भाग स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला. तबकडी फिरवायला एक ट्रान्सफॉर्मर, आणि गाण्यासाठी दुसरा, म्हणजे एकाच्या विजेची कुरकुर दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये. डाव्या कानाचं सर्किट वेगळं, उजव्याचं वेगळं. तबकडीला काही टेकतच नाही, नुसता प्रकाशाचा किरण ती वाचतो.

“एका घरात दोन चुली मांडल्यात म्हणा की,” नागूआक्का म्हणाली. “भांडान झालंतं काय?”

कल्याणी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, “ह्यानं आवाज मोठा येतो?”

“मोठा नाही. खरा येतो.”

“खरा ऐकून काय करायचंय आता?” ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, बायकांना यंत्रांची आवड कमीच.

प्लेअर आम्ही दिवाणखान्यातल्या सागवानी टेबलावर ठेवला. हे टेबल कल्याणीच्या माहेरचं. ठेवताना काहीतरी कुर्र असं वाजलं. ज्योतिबा म्हणाला नीट बसलंय. नीट बसलं होतं यात शंकाच नाही, कारण खालचे तिन्ही पाय टोकदार होते आणि ते लाकडात रुतले होते. थरथर टोकातून जमिनीत उतरावी म्हणून ते पाय तसे केलेले असतात. त्यांच्याखाली ठेवायच्या पितळी वाट्या खोक्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या होत्या, त्या आम्हाला खोकं मोडताना सापडल्या. टेबलाला पडलेली भोकं कल्याणीनं बघितली, त्यांच्यावर बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही बोलत नाही याचा अर्थ मला कळतो.

पण खरी पंचाईत पुढंच होती. कल्याणीनं प्लेअर पुसायला ओला फडका लावला आणि हात झटकन मागं घेतला. “मुंग्या आल्या,” ती म्हणाली. श्रेयसला फोन केला. तो म्हणाला, घराचं अर्थिंग खराब आहे, वीज कचेरीत जाऊन सांगा, आणि जमलं तर प्लेअरला वेगळी लाईन ओढून घ्या. असं सगळं तो एका दमात बेंगळुरूहून सांगू शकतो, कारण त्याला आमच्या कचेरीत जायचं नसतं.

कचेरीतल्या गृहस्थांना मी चांगल्या कन्नडमध्ये लिहिलेला अर्ज दिला. माझं कन्नड शाळेपासूनचं, त्यात कोणी खोट काढू नये. त्यांनी पत्ता बघितला, आणि अर्ज न वाचताच विचारलं, “वडगाव. माग किती?”

“माग नाहीत.”

“वेगळी लाईन पाहिजे, अर्थिंग पाहिजे, यंत्र जड हाय म्हणून लिहिलंय. आणि माग न्हाय?”

“गाणं ऐकायचं यंत्र आहे.”

त्या गृहस्थांनी अर्ज उलटा करून मागची बाजू बघितली. वडगावातून येऊन गाण्यासाठी वेगळी लाईन मागणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा. मग ते म्हणाले, “नाळे बर्री.” उद्या या. उद्या गेलो तर कळलं की माझ्या घरात न सांगता चालवलेला माग आहे की काय, हे बघायला माणूस येणार आहे. ज्यानं आयुष्यभर विमा कचेरीत इतरांच्या खोट्या दाव्यांवर लाल रेघ मारली, त्या माझ्या घराची झडती होणार होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माणूस आला. त्यानं स्वयंपाकघर बघितलं, माळा बघितला, मोरीत डोकावला. माग कुठं दडवतात हे त्याला पाठ असावं. शेवटी तो प्लेअरसमोर उभा राहिला.

“ह्यातनं काय निघतं?”

“गाणं.”

“आणि?”

“आणखी काही नाही.”

“कापड न्हाय?”

मी त्याला कॅसेटची, निपाणीची आणि मारुतीरावांची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली. जाताना तो म्हणाला की खांबापर्यंतची वीज कचेरीची, घरातलं अर्थिंग ज्याचं त्यानं करायचं, आणि हे मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मग मी महादेव वायरमनला बोलावलं. महादेवचा वडगावात दरारा मोठा, कारण त्याच्याशिवाय इथं दुसरा वायरमन वेळेवर येत नाही, आणि तो स्वतःही येत नाही. तो दुपारी येईन म्हणाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी आला. त्यानं परसात खड्डा काढला, तांब्याचा पत्रा उभा पुरला, आणि वरून कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर द्यायला लावले. आता यात वावगं काही नाही. अर्थिंगचा खड्डा जगभर असाच भरतात. पण नागूआक्का कपडे वाळत घालायला गच्चीवर आली होती, आणि तिला वरून दिसलं ते असं: हरिभाऊ, म्हणजे मी, उकिडवे बसून खड्ड्यात मुठीनं मीठ सोडतायत, शेजारी काळे कोळसे, आणि मातीतून तांब्याचं टोक वर आलंय.

ती तिथूनच म्हणाली, “हरिभाऊ, कुणाच्या नावानं पुरतोस रं?”

मी सांगितलं की वीज जमिनीत सोडतोय. ते तिला जास्तच भयंकर वाटलं असावं. थोड्याच वेळात गल्लीतल्या दारादारांवर लिंबू-मिरच्या दिसू लागल्या. त्याच दुपारी ज्योतिबाच्या एका मागावर सूत सारखं तुटायला लागलं, आणि ज्योतिबा, माझ्याबरोबर ते खोकं उचलून आणणारा माणूस, माझ्या दारात येऊन खाली मान घालून उभा राहिला.

“अण्णा, माझा न्हाय विश्वास,” तो म्हणाला. “पर आईचा हाय. आणि सूत तर तुटतंय.”

“अरे, हवा कोरडी आहे म्हणून तुटतंय.”

“ते मला म्हाईत हाय. आईला न्हाय.”

माझ्यासारख्या सुशिक्षित माणसावर, निवृत्त अधिकाऱ्यावर, भर दुपारी करणी केल्याचा आळ. मी त्याच्या घरी गेलो. महादेव मागून आला आणि त्यानं मीठ ओल धरून ठेवतं हे नागूआक्काला इतक्या फुशारकीनं समजावलं की तिला वाटलं हा मांत्रिकाचा जोडीदार आहे. शेवटी कल्याणीनं तोडगा काढला. खड्ड्यावर नारळ फोडायचा आणि त्याचं खोबरं घरोघर वाटायचं. मी नारळ फोडला. खोबरं वाटलं. सूत तुटायचं थांबलं, कारण संध्याकाळी पाऊस पडून हवेत ओल आली होती. पण हे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

अखेर श्रेयसनं मागाहून पाठवलेले स्पीकर जोडून प्लेअर सुरू झाला. बटण दाबल्यावर कसलाही आवाज न होता एक काळी ताटली बाहेर सरकली. मी सीडी ठेवली, ताटली आत गेली, पडद्यावर आकडे पळू लागले, आणि मला ऐकू आलं ते खटाक-खट. फक्त खटाक-खट. पुस्तकात लिहिलं होतं की या प्लेअरची स्वतःची शांतता इतकी गाढ आहे की दोन सुरांमधली पोकळीसुद्धा ऐकू येते. ते लिहिणाऱ्याला ज्योतिबाची भिंत माहीत नसावी. आवाज वाढवला तर ज्योतिबानं भिंतीवर थाप मारली. म्हणे कामगारांचं लक्ष जातंय.

वीज गेली की गल्ली गप्प होते, हे मला एकाएकी आठवलं आणि हुरूप आला. एक दिवस वीज गेली, सगळे माग थांबले, इतकी सुरेख शांतता पसरली की मी खुर्चीत सरसावून बसलो. मग ध्यानात आलं की प्लेअरही थांबलाय. कल्याणी दुसरीकडं बघत हसली. नंतर इन्व्हर्टरवर लावून बघितलं तर प्लेअरनं पडद्यावर काहीतरी इंग्रजीत नाराजी लिहिली आणि तो गप्प झाला. असली भेसळीची वीज तो घेत नाही, असं श्रेयस म्हणाला. सुट्टीच्या दिवशी ऐकावं, तर आमच्या गल्लीत सुट्टी प्रत्येकाची वेगळी. कोणाची अमावास्येला, कोणाची सोमवारी, आणि ज्योतिबा तर कामगार येणार नाहीत त्या दिवशी स्वतः माग चालवतो.

शेवटी ज्योतिबानंच सुचवलं. “अण्णा, खंडेनवमीला लावा की. त्या दिवशी मागाची पूजा. एक धोटा हलत न्हाय वडगावात.”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. आणि त्या आनंदाच्या भरात मी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. मी सगळ्या गल्लीला आमंत्रण दिलं. या, म्हटलं, माझं निपाणीचं गाणं ऐका, कल्याणीनं मला कशावर पसंत केलं ते तुमच्या कानांनी ऐका.

“सगळ्यांना कशाला?” कल्याणी म्हणाली. “एकट्यानं ऐका की.”

“अगं, पुरावा चार माणसांत ऐकायचा असतो.”

“पुरावा कशाला लागतोय? मी काय न्हाय म्हणतेय?”

तिला संकोच वाटत असणार, असं मी धरून चाललो. बायको लाजली की मला फार बरं वाटतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी जागा झालो तोच दचकून. काही ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं कान गेले. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आमचं घड्याळ टिकटिक करतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजारी माग धुऊन काढले होते, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, ऊस बांधले होते, आणि सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यांना हळदकुंकू लावून ते ओळीनं पाटावर मांडले होते. मंडळी जमू लागली. मी धुतलेला कुर्ता घातला. सीडी टेबलावर काढून ठेवली.

नागूआक्का आपल्या मागांची पूजा उरकून ताम्हण घेऊन सरळ आमच्याकडं आली. “नवं यंत्र आलंय, पूजा नको करायला?” ती म्हणाली. मी म्हटलं, हे गाण्याचं आहे, हत्यार नव्हे. ती म्हणाली, “करंटवर चालतंय न्हवं? मग यंत्रच.” मी वाद सोडला आणि, लोकांना जरा दाखवावं या हौसेनं, बटण दाबलं. ताटली अलगद, आवाज न करता बाहेर आली.

इथं काय झालं ते मी आधी नीट सांगतो, कारण नंतर लोकांनी ते वेगवेगळं सांगितलं आहे. नागूआक्काला वाटलं यंत्रानं हात पुढं केला. पूजेला आलेल्या बाईपुढं कोणी हात केला तर ती काय करणार? तिनं त्या ताटलीत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर एक झेंडूचं फूल आणि विड्याचं पान ठेवलं, आणि नमस्कार करताना तिचा हात ताटलीला लागला. ताटलीला जरा ढकललं की ती आपोआप आत जाते, ही तिची खास सोय. पुस्तकात ठळक अक्षरांत दिली आहे. ताटली सगळं घेऊन आत गेली.

“घेतलं बाई,” नागूआक्का मागं सरत म्हणाली. “मानून घेतलं.”

सगळ्यांनी हात जोडले. स्प्रिंगांवर तरंगणारी, तांब्यानं मढवलेली, दोन ट्रान्सफॉर्मरांनी सांभाळलेली ती यंत्रणा, आणि तिच्या पोटात हळद. आतून बारीक करकर ऐकू आली. मग पडद्यावर अक्षरं उमटली की आत तबकडी नाही.

“खरं सांगतंय,” ज्योतिबा म्हणाला.

मी बटण दाबलं. ताटली बाहेर आली. पानाला घडी पडली होती, फूल चपटं झालं होतं, अक्षता मात्र जागच्या जागी. ज्योतिबानं मागावरची सुताची धूळ झाडायचा मऊ ब्रश आणून एकेक दाणा टिपून काढला. आत बघितलं तर हळदीचा कण दिसेना, कारण ताटली आत गेली की तिच्या कडेची फट मिटते, तिच्यावरचं काही यंत्रात सांडू नये म्हणून. त्या बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले. तो कुठल्याही देशातला असो, त्यानं नागूआक्का डोळ्यांसमोर ठेवूनच हे केलं असावं.

मी सीडी उचलली. नागूआक्का म्हणाली, “आता न्हाय चालवायचं.”

“का?”

“पूजा झाली. पूजा केल्यालं यंत्र आज चालवत न्हाईत. माझे माग बंद हायत, तर तुझं कसं चालंल?”

वडगावात शांतता वर्षातनं एकदा, आणि त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही. उद्या दसरा, दसऱ्याच्या मुहूर्तावर माग पुन्हा सुरू. मी विनवण्या केल्या. आणि सगळ्यात कमाल म्हणजे कल्याणी नागूआक्काच्या बाजूनं उभी राहिली.

“आक्का म्हणतात ते बरोबर हाय,” ती म्हणाली. “रीत ती रीत.”

हीच कल्याणी सकाळी मिक्सरवर चटणी वाटत होती. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, मिक्सरची पूजा व्हायच्या आधी वाटली.

माझा विमा कचेरीतला अनुभव शेवटी कामाला आला. मी पुस्तक उघडलं आणि नागूआक्कापुढं बाजू मांडली. मागात धोटा सुताला लागतो, फणी सुताला लागते, म्हणून ते काम. इथं तबकडीला काहीच लागत नाही. सुई नाही, टोक नाही. आतून एक उजेडाचा किरण पडतो आणि तो वाचतो. बस.

“नुसता उजेड?” तिनं विचारलं.

“नुसता उजेड.”

तिनं ताम्हणातल्या निरांजनाकडं बघितलं. सगळे तिच्याकडं बघत होते. “समई लावतोच की आपण खंडेनवमीला,” ती म्हणाली. “लाव मग.”

कल्याणी उठून आत निघाली होती. नागूआक्कानं तिला हाताला धरून शेजारी बसवलं. “तुझ्याच नवऱ्याचं गाणं, कुठं चाललीस?”

मी बटण दाबलं.

आधी निपाणीचा तो मांडव आला. खरंच आला. पेटीचा भाता उघडल्याचा आवाज, कुणाच्या तरी बांगड्या, मागं कुठंतरी खोकणारा माणूस, वर फडफडणारं कापड. लोक तोंडाला हात लावून बघत राहिले. मग मी गाऊ लागलो.

मला आतापर्यंत वाटत होतं की माझा आवाज गोड आहे. तो गोड होता, पण तो जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. पेटी एकीकडं, मी दुसरीकडं. डाव्या कानाला पेटी आणि उजव्या कानाला मी, आणि दोघांची भेट म्हणून होत नव्हती. तबलजी मला समेवर गाठायला धावत होता आणि मी प्रत्येक वेळी थोडा आधीच निघून जात होतो. हे सगळं इतकं स्वच्छ, इतकं सुटं सुटं ऐकू येत होतं की डोळे मिटायचीही सोय नव्हती. ज्योतिबा जमिनीकडं बघत होता. माझे कान तापले.

गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, विरल्या. मग टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ, मारुतीरावांच्या मांडीवरून, त्यांचाच दबका आवाज आला.

“काय गं, कसा वाटतोय?”

आणि कल्याणीचा आवाज. बावीस वर्षांच्या कल्याणीचा.

“आप्पा, गाणं न्हाय येत त्यांना.”

ज्योतिबानं मान वर केली.

“मग नको म्हणू?”

“नको म्हणू नका. माणूस बरा हाय. होय म्हणा.”

“अगं पण जन्मभर गात बसला तर?”

“वडगावात देताय न्हवं? तिथं कुठं काय ऐकू येतंय.”

मग पेटी वाजली आणि मी दुसरं गाणं सुरू केलं.

माझ्या आयुष्याचा जो एक पुरावा होता, तो माझ्याच घरात, माझ्याच आमंत्रणावर आलेल्या लोकांसमोर फुटला होता. नागूआक्का पहिल्यांदा भानावर आली. ती म्हणाली, “ज्योतिबा, जरा मागं घे रं. मला नीट ऐकू आलं न्हाय.”

त्या प्लेअरला एक सोय आहे. पाहिजे तेवढाच तुकडा नेमका खुणेनं धरायचा, आणि तो पुन्हा पुन्हा वाजवत राहायचा. पुस्तकात ती शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांसाठी आहे असं लिहिलं आहे. ज्योतिबानं ती शोधून काढली. वडगावात कुठं काय ऐकू येतंय, वडगावात कुठं काय ऐकू येतंय, असं माझ्या सासऱ्यांच्या मांडीवरून कल्याणी सांगत राहिली आणि मंडळी हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. मीही हसलो असावा, कारण गाल दुखत होते. प्रसाद वाटून झाल्यावर नागूआक्का जाताना म्हणाली, “लेका, यंत्र झकास हाय.”

सगळे गेल्यावर घर गप्प झालं. कल्याणी सागवानी टेबलावरचे झेंडूचे तुकडे गोळा करत होती. मी खुर्चीत बसून होतो. मला राग आला होता की लाज वाटत होती ते मला ठरवता येत नव्हतं, आणि त्याहून जास्त मला भीती वाटत होती, की जी गोष्ट मी जन्मभर सांगितली तिच्यात मग काहीच नव्हतं की काय.

“तुला माहीत होतं टेपमध्ये हे आहे ते?” मी विचारलं.

“आठवत होतं बोलल्याचं. टेपात गेलंय ते न्हाय म्हाईत. ह्या मशीनीबद्दल श्रेयस बोलला तेव्हा शंका आली.”

“मग तू होकार कशावर दिलास?”

तिनं फुलं ताटात ठेवली.

“तुम्ही गाताना चुकलात,” ती म्हणाली. “दुसरे गवई चुकले की तबलेवाल्याकडं डोळे वटारून बघतात. तुम्ही त्याच्याकडं बघून हसलात. माझी चूक झाली, सांभाळून घे, असं. मला ते लई आवडलं. असल्या माणसाबरोबर घर चालतंय.”

घड्याळ टिकटिकत होतं आणि गल्लीत एकही धोटा हलत नव्हता. मी खुर्चीत सावरून बसलो आणि, अगदी सहज म्हणून विचारतोय असं दाखवत, म्हटलं, “कुठल्या गाण्यात चुकलो होतो मी?”

“सगळ्याच,” कल्याणी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.